स्टिअरिंग बदलताना

गाडी घेताना माणूस काय काय बघतो? मायलेज बघतो, रंग बघतो, डिकीत किती बॅगा बसतील ते बघतो, रीसेल किती येईल ते तर गाडी घ्यायच्या आधीच बघतो. पुण्यातला असेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्याचा आरसा न मोडता ती बसेल का, हेही बघतो. पण गाडी चालवताना ज्या एका वस्तूला आपला हात अखंड लागलेला असतो, तिच्याकडे शोरूममध्ये कोणी ढुंकूनही बघत नाही. स्टिअरिंग व्हील. ते गोल असतं, ते असतंच, त्यात काय बघायचं?

मीही बघितलं नव्हतं. आमची गाडी 2018 सालची हॅचबॅक, 2022 मध्ये सेकंडहँड घेतलेली. मधलं मॉडेल. म्हणजे म्युझिक सिस्टिम आहे, पॉवर विंडो आहेत, पण स्टिअरिंग मात्र बेस मॉडेलचंच - बारीक, कडक, काळ्या प्लास्टिकचं. उन्हात तापतं, पावसाळ्यात घसरतं. मी हिंजवडीला कंपनीच्या बसने जातो, त्यामुळे मला ते आठवड्यातून एकदाच भेटायचं. रोज भेटायचं ते आईला.

आई शाळेत शिकवायची. 2009 साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तिने मारुती 800 वर ड्रायव्हिंग शिकून घेतलं. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, आणि शेजारी बसून सतत 'हाफ क्लच, मॅडम, हाफ क्लच' असा जप करणारे मास्तर. बाबांनी त्यावेळी 'कशाला पाहिजे आता?' असं विचारलं होतं. पुढे बाबांना मोतीबिंदू झाला, तेव्हा त्यांना डॉक्टरकडे घेऊन जाणारी तीच होती. रिटायर झाल्यावर तर गाडी म्हणजे तिचे पायच झाले. सिंहगड रोडला मावशीकडे, वारज्याला मुलांना गणित शिकवायला, मार्केट यार्डात आंबे आणायला, सगळीकडे स्वतः.

मग दोन वर्षांपूर्वी तिचे अंगठे दुखायला लागले. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ, जो सांधा असतो तो झिजलाय असं निघालं. या वयात बायकांमध्ये हे बरंच आढळतं म्हणे. फिजिओथेरपिस्टबाईंनी एक साधी गोष्ट सांगितली: बारीक वस्तू घट्ट धरायची म्हटली की अंगठ्यावर सगळ्यात जास्त ताण येतो, तेव्हा जे जे हातात धरता ते जाड करा. आईने लगेच पेनावर स्पंज गुंडाळला. लाटण्याच्या मुठी कापड गुंडाळून जाड केल्या. चमच्यांची पाळी आली तेव्हा बाबा म्हणाले, "आता माझ्या मानेला काही गुंडाळू नकोस म्हणजे झालं."

पण गाडी ती कमी करत गेली. आधी मार्केट यार्ड बंद झालं. मग "वारज्याला मी रिक्षाने जाते रे, पार्किंगची कटकट नको." मग एकदा मावशीच मला फोनवर म्हणाली, "अरे, आई हल्ली येत नाही, काय झालं?" आई स्वतः एका शब्दाने काही बोलली नव्हती. आमच्या घरात दुखणं सांगायची पद्धत नाही, कारणं सांगायची आहे.

तर, लाटणं जाड होऊ शकतं तर स्टिअरिंग का नाही? इथून सगळं सुरू झालं.

पहिला उपाय अर्थातच कव्हर. तीनशे रुपयांत कुठेही मिळतं. आणून चढवलं. दिसायला झकास, पण वळणावर आतलं स्टिअरिंग एकीकडे आणि वरचं कव्हर दुसरीकडे. ते घसरू नये म्हणून आई आणखी घट्ट धरायला लागली, म्हणजे रोगापेक्षा औषध भारी. काढून टाकलं. (शिवून घट्ट बसवायची कव्हरं येतात, ती घसरत नाहीत. पण प्लास्टिकची कडक रिम आतमध्ये तशीच राहते आणि मला तीच नको होती.)

दुसरा उपाय मामेभावाने सुचवला. त्याला गाड्यांचं वेड आहे, इतकं की त्याच्या गाडीत मूळ कंपनीचं आता फक्त नावच उरलं असावं. त्याने स्वतःच्या गाडीला बाहेरचं स्पोर्ट्स स्टिअरिंग बसवलंय. लहान, जाडजूड, लाल टाक्यांचं, मध्ये चकचकीत बटण. धरायला खरंच मस्त.

"आत्याला पण असंच टाकू की दादा. मी बसवून देतो, अर्ध्या तासाचं काम."

"आणि एअरबॅग?"

"ती निघते. यात नसतेच ना."

"मग डॅशबोर्डवरचा लाइट पेटत नाही?"

"त्याला पण जुगाड आहे. गाडीला वाटतं बॅग आहे. लाइट जातो."

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. हे ऐकल्यावर मला आमच्या ऑफिसातली एक जुनी परंपरा आठवली. टेस्ट फेल होतेय? कोड दुरुस्त करायला वेळ नाही? टेस्टच कॉमेंट करून टाका. बिल्ड हिरवा! सगळे खूष! फक्त सॉफ्टवेअरमध्ये त्याचा परिणाम म्हणून रात्री दोन वाजता फोन येतो. इथे तो फोन वेगळा असेल.

मी त्याला उपदेश केला नाही, त्याची गाडी आहे. पण आईच्या गाडीपुरता हा पर्याय तिथेच संपला. आणि एक गणितही होतं. आमचं स्टिअरिंग 370 मिलिमीटर व्यासाचं, त्याचं 320. चाक वळवायला लागणारं टॉर्क म्हणजे हाताचा जोर गुणिले त्रिज्या. त्रिज्या कमी झाली की तेवढ्याच टॉर्कसाठी जोर वाढवावा लागतो. 370 भागिले 320, म्हणजे सुमारे 16 टक्के जास्त. पॉवर स्टिअरिंगमुळे तो भार बराच हलका होतो हे खरं, पण दुखऱ्या अंगठ्यासाठी काही करायचं आणि त्यालाच जादा काम द्यायचं, हे कुठलं लॉजिक?

मग तिसरा उपाय. त्याच गाडीच्या टॉप मॉडेलचं स्टिअरिंग. तोच व्यास, पण रिम जाड, लेदरची गुंडाळी, आणि नऊ-तीनच्या जागी अंगठा टेकायला छान फुगवटा. कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमध्ये बघितलं तर दोन्ही मॉडेल्सच्या स्टिअरिंग कॉलमचा पार्ट नंबर एकच आणि, मुख्य म्हणजे, ड्रायव्हरच्या एअरबॅगचा पार्ट नंबरही एकच. आमच्या भाषेत इंटरफेस सेम, फक्त इम्प्लिमेंटेशन बदलायचं. आमच्याच गाडीची एअरबॅग काढून नव्या चाकात बसवायची. नवीन चाक, डब्यातून, बिलासकट, 6,800 रुपये.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. जुन्या पार्टच्या बाजारात एअरबॅगसकट स्टिअरिंग निम्म्या किमतीत मिळतं. मला नाना पेठेत चौकशी करताना तसं सुचवलंही गेलं. चाक एकवेळ जुनं घ्या, ते डोळ्याने तपासता येतं. एअरबॅग घेऊ नका. ती कुठल्या गाडीतून आली, पाण्यात बुडाली होती का, एकदा फुटून परत शिवली आहे का, हे बाहेरून कळत नाही. आणि चालवून बघायची सोय नाही, कारण तिचा पहिला प्रयोग हाच शेवटचा. बॅगा कंपनीतून आलेल्या असल्या तरी काय होऊ शकतं ते ताकाता प्रकरणात जगाने बघितलंय. या जपानी कंपनीच्या बॅगांमध्ये गॅस तयार करायला अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून ते बिघडायचं आणि बॅग फुगताना धातूचं कवचच फुटून तुकडे उडायचे. एकट्या अमेरिकेत सुमारे 6 कोटी 70 लाख बॅगा परत मागवाव्या लागल्या, आणि 2017 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

एअरबॅगचा विषय निघालाच आहे तर तिची जन्मकथा सांगतो, मला ती फार आवडते. अमेरिकेत जॉन हेट्रिक नावाचा एक इंजिनिअर होता. 1952 साली बायको-मुलीला घेऊन गाडीतून जात असताना अचानक समोर दगड आला, त्याने गाडी वळवून ब्रेक मारला. गाडी खड्ड्यात गेली, कोणाला फारसं लागलं नाही. पण त्या क्षणी नवरा-बायको दोघांनीही नकळत मधल्या मुलीसमोर हात आडवे धरले होते. घरी येऊन तो विचार करत बसला की हे हाताचं काम एखादी वस्तू का करू शकणार नाही? त्यातून 1953 मध्ये त्याचं पेटंट आलं. गाड्यांमध्ये ते नीट यायला मात्र खूप वर्षं गेली. मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग 1981 मध्ये आली. आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती 1 जुलै 2019 पासून. आमची गाडी त्याच्या आधीची, पण सुदैवाने बॅग असलेली.

ब्रेक लागला की शेजारच्या सीटसमोर आडवा येणारा तो हात तुमच्याही ओळखीचा असेल. आमच्या आईचा अजून येतो. शेजारी मी ऐंशी किलोचा, बेल्ट लावून बसलेला असलो तरी येतो :-)

असो. पार्ट तर ठरला. आता बसवायचा कोणी? सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं. काउंटरवरच्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं की तुमच्या मॉडेलला हा पार्ट नाही, त्यामुळे जॉब कार्डच बनत नाही. वाद घालण्यात अर्थ नव्हता, सिस्टिमपुढे माणूस काय करणार, मीही अशाच सिस्टिम बनवून पोट भरतो. मग आमचे नेहमीचे गॅरेजवाले काका. ते म्हणाले, "मी करून देईन, पण तू सगळं मॅन्युअल वाचून बसलायस तर तूच कर. मी शेजारी उभा राहतो. एअरबॅगचं काम हळू करणाऱ्या माणसाने करावं, आणि मला हळू काम परवडत नाही."

म्हणून मग एका शनिवारी, आमच्या पार्किंगमध्ये, काका प्लास्टिकच्या खुर्चीवर आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर. थोड्याच वेळात तळमजल्यावरचे जोशीबुवा छापाचे एक आजोबा (प्रत्येक सोसायटीत एक असतात) पेपर घेऊन आले आणि विचारते झाले, "बिघडलंय का?" नाही म्हटल्यावर, "मग कशाला उघडताय?" या प्रश्नाला पुण्यात उत्तर नसतं.

पहिली पायरी: पुढची चाकं सरळ करून घ्यायची, स्टिअरिंग मधोमध, किल्ली बंद. मग बॉनेट उघडून 10 नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि ती परत टेकणार नाही अशी बाजूला बांधायची. त्यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कंटाळवाणी: काहीही न करणे. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो. अपघातात बॅटरीची वायर तुटली तरी बॅग उघडावी म्हणून त्यात थोडी वीज साठवलेली असते. ती उतरेपर्यंत थांबायचं. काही कंपन्या 90 सेकंद सांगतात, काही 3 मिनिटं. मी 15 मिनिटं थांबलो. आईने तेवढ्यात चहा पाठवला. आजोबांनाही दिला, त्यामुळे त्यांचा प्रश्न तात्पुरता मिटला.

मग गाडीच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवली आणि बॅगेकडे वळलो. आमच्या गाडीत बॅग स्क्रूवर नाही, स्प्रिंगच्या तारांवर अडकवलेली आहे. चाकाच्या मागच्या बाजूला भोकं आहेत, त्यातून स्क्रू ड्रायव्हर घालून तार दाबली की टक् आवाज येतो आणि एक बाजू सुटते. तीन वेळा टक्. बॅग हातात आली, आणि मागे दिसलं ते पिवळं कनेक्टर. गाडीत पिवळं कनेक्टर दिसलं की समजायचं, हे एअरबॅगच्या कुळातलं, इथे मल्टिमीटर लावायचा नाही. मीटरचा तो इवलासा करंटदेखील इथे नको.

त्या कनेक्टरमध्ये एक बारीकशी गंमत आहे. ते सुटल्याबरोबर बॅगेच्या बाजूच्या दोन पिना आतल्या आत एका पट्टीने जोडल्या जातात. दोन्ही टोकं एक झाली की कुठूनतरी आलेल्या स्टॅटिकने त्यात करंट वाहायचा प्रश्न राहत नाही. म्हणजे माणूस निष्काळजी असणार, घाईत असणार, लोकरीचा स्वेटर घालून येणार, हे धरून कोणीतरी ही पट्टी बसवली आहे. मी रोज जो कोड लिहितो त्यात 'युजर असं करणारच नाही' हे वाक्य आम्ही दिवसातून दहा वेळा म्हणतो. त्या पट्टीकडे बघून जरा ओशाळल्यासारखं झालं.

काढलेली बॅग अंगापासून लांब, तोंड बाहेरच्या बाजूला करून न्यायची, आणि ठेवताना झाकण वर. उपडी ठेवायची नाही. उपडी असताना उघडली तर ती स्वतःच रॉकेटसारखी वर उडते. ही बॅग सेकंदाच्या सुमारे तिसाव्या-तेहतिसाव्या भागात, म्हणजे 30 मिलिसेकंदांत फुगते. पापणी लवायला याच्या तिपटीहून जास्त वेळ लागतो. मी ती पार्किंगच्या रिकाम्या कोपऱ्यात सतरंजीवर ठेवली आणि काकांनी तिच्याभोवती खुर्च्या लावून कुंपण केलं.

आता मधला मोठा नट. 17 नंबरचा सॉकेट, लांब दांडी. नट सैल केला पण पूर्ण काढला नाही. दोन-तीन आटे शिल्लक ठेवायचे. कारण चाक दातेरी शाफ्टवर घट्ट बसलेलं असतं, आपण ओढत राहतो, ते येत नाही, येत नाही, आणि एकदम येतं, ते थेट आपल्या नाकावर. नट राहिला असेल तर चाक त्याला अडकतं आणि नाक वाचतं. सुटत नसेल तर पुलर लावायचा, पण शाफ्टवर हातोडी मारायची नाही. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा टॉर्क सेन्सर कॉलममध्ये असतो, आणि शिवाय तो कॉलम मुद्दाम चेपला जाईल असा बनवलेला असतो. पूर्वीच्या गाड्यांत तो सरळसोट लोखंडी दांडा असायचा आणि टकरीत भाल्यासारखा ड्रायव्हरच्या छातीत घुसायचा. अमेरिकेत 1967 च्या सुमाराला चेपणारे कॉलम सर्रास आले आणि तो प्रकार कमी झाला. अशा हुशारीने नाजूक ठेवलेल्या वस्तूवर हातोडी मारणं म्हणजे...

"झाली का सुरुवात?" बाबा गॅलरीतून.

काढण्यापूर्वी शाफ्टवर आणि चाकावर एका रेषेत पांढऱ्या मार्करने खूण केली. आमच्या शाफ्टला 36 दाते आहेत. 360 भागिले 36, म्हणजे एक दाता चुकला की चाक 10 अंश वाकडं. गाडी सरळ चाललेली असते आणि स्टिअरिंग मान वाकडी करून बघत असतं. दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे हलवत ओढलं, तिसऱ्या झटक्याला चाक सुटलं, नटाला अडलं. नट काढून, वायर सांभाळत, बाहेर.

चाकाच्या मागे जी काळी चकती दिसते तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. स्टिअरिंग फिरतं, कॉलम फिरत नाही, मग हॉर्नची आणि बॅगेची वायर तुटत कशी नाही? तर या चकतीत मेजरिंग टेपसारखी गुंडाळलेली चपटी केबल असते, स्टिअरिंग फिरेल तशी ती सुटते आणि गुंडाळते. दोन्ही बाजूंना मोजकेच फेरे. चाक बाहेर असताना ही चकती चुकून फिरली आणि तशीच बसवली, तर पुढच्या यू-टर्नला केबल ताणून तुटते आणि बॅगेचं कनेक्शन जातं. म्हणून चाक निघाल्याबरोबर मी तिच्यावर टेपची पट्टी चिकटवून ती जागच्या जागी बांधून टाकली.

टॉप मॉडेलच्या चाकावर आवाज कमी-जास्त करायची बटणंही असतात. त्यासाठी जास्त तारांची वेगळी क्लॉक स्प्रिंग लागली असती. मामेभाऊ म्हणाला, "आता उघडलंच आहे तर..." सॉफ्टवेअरमधले अर्धे प्रोजेक्ट याच चार शब्दांनी बुडतात. आईला बटणं नको होती, जाड रिम हवी होती. मी बटणांच्या जागी कोऱ्या पट्ट्या मागवल्या होत्या, त्या लावल्या.

नवं चाक खुणेला खूण जुळवून बसलं. नट हाताने फिरवला, मग टॉर्क रेंचने. मॅन्युअलमध्ये माझ्या गाडीला 33 न्यूटन-मीटर दिलंय. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असणार, तो तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. "घट्ट वाटेपर्यंत" हे माप इथे चालत नाही. हॉर्नची वायर, मग बॅगेचं पिवळं कनेक्टर, त्याचं लॉक बसल्याचा आवाज, मग बॅग दाबून टक्, टक्, टक्. तिन्ही बाजूंनी ओढून बघितली. हलली नाही.

आता शेवटचं. बॅटरी जोडताना किल्ली बंद आणि गाडीत कोणी नाही. आई जवळ येऊन बघत होती. म्हटलं, "आई, तू जरा लांब हो." ती म्हणाली, "का रे? एवढं धोक्याचं आहे तर केलंस कशाला?" उत्तर सुचलं नाही. काका म्हणाले, "ताई, धोक्याचं नाही, शिस्तीचं आहे. गॅस बदलताना नाही का आपण दिवा विझवत?" आई मागे झाली.

मी दाराबाहेर उभा राहून, डोकं बॅगेच्या वाटेत येणार नाही असं ठेवून, हात लांब करून किल्ली फिरवली. डॅशबोर्डवर ते चिन्ह असतं ना, बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर फुगा, ते लाल पेटलं. ते पेटायलाच हवं, दिवा जिवंत आहे याचा तो पुरावा. कंट्रोल युनिट त्या वेळात स्वतःला तपासतं, बॅगेच्या तारा जागेवर आहेत का बघतं. आमच्या गाडीत याला सुमारे सहा सेकंद लागतात. मी मोजायला लागलो. एक. दोन. प्रॉडक्शनला रिलीज केल्यावर आपण लॉग बघत बसतो, तसे ते सेकंद. तीन. चार. जुगाड केलेल्या गाडीत हा दिवा जातोच, काहीही झालं तरी. पाच. इथे तो जायचा असेल तर खराच जाईल, नाहीतर नाही.

सहा. गेला.

"झालं?" आजोबा. "झालं," काका. हॉर्न वाजवून बघितला, दोन्ही बाजूंना स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं, मग मी एकटाच पौड रोडपर्यंत फेरी मारून आलो. चाक सरळ, दिवा बंद, हॉर्न चालू.

आणि मग एक काम राहिलं होतं, जे खरं तर पाने-पुलर काही न घेताही कोणालाही करता येतं. आईची उंची जेमतेम पाच फूट, म्हणून ती सीट अगदी पुढे ओढून बसते. बॅग ज्या वेगाने बाहेर येते ते बघता फार जवळ बसणं धोक्याचं. अमेरिकेतली रस्ता सुरक्षा संस्था सांगते की छातीच्या मधल्या हाडापासून बॅगेच्या झाकणापर्यंत किमान 10 इंच, म्हणजे 25 सेंटीमीटर, अंतर हवं. टेप घेऊन मोजलं तर 19 भरलं. सीट उंच केली, एक घर मागे घेतली, पाठ थोडी कलती केली, स्टिअरिंग खाली झुकवून त्याचा रोख तोंडाऐवजी छातीकडे केला. क्लच पूर्ण दाबता येतो ना, ते तीनदा बघितलं. 26 सेंटीमीटर. "एवढ्या लांबून चालवायची?" आई म्हणाली. पण दोन दिवसांत सवय झाली. पूर्वीचं 19 सेंटीमीटरवालं बसणं इतकी वर्षं आमच्या घरात कोणीच मोजलं नव्हतं. (बेल्ट अर्थातच लावायचा. बॅग ही बेल्ट लावलेल्या माणसासाठी बनवलेली असते, त्याच्याऐवजी नाही.)

आईचे अंगठे बरे झाले का? नाही. झिजलेला सांधा लेदरने भरून येत नाही. थंडीत अजून दुखतात, मार्केट यार्डला ती अजूनही मलाच पाठवते आणि मी आणलेल्या आंब्यांना नावं ठेवते. पण वारज्याची रिक्षा बंद झाली. मावशीकडे जाणं सुरू झालं. रिमवर ती आता मूठ आवळत नाही, नुसता तळवा टेकवून चालवते, ते शेजारी बसलं की दिसतं.

मागच्या महिन्यात मामेभाऊ आला होता. आईच्या गाडीत बसून त्याने चाक दोन्ही हातांनी चाचपून बघितलं, मग मला विचारलं, "दादा, माझं जुनं स्टिअरिंग आणि बॅग माळ्यावर आहे. डब्यात, गुंडाळून ठेवलंय. चालेल का रे अजून?"

म्हटलं, घेऊन ये. आधी पार्ट नंबर आणि तुझी वायरिंग तपासू, काकांना दाखवू. शंका असली तर बॅग नवीच घ्यायची. शनिवारी मी मोकळाच असतो.